बिब्ब्याची देवी

माझ्या दोन्ही दंडांवर मिळून पाच खुणा आहेत. डाव्यावर चार, उजव्यावर एक. डाव्यावरच्या वरच्या दोन खोट्या, खालच्या दोन खऱ्या, आणि उजव्यावरची एक या सगळ्यांची साक्षीदार. बाही वर करायला जरा निमित्त मिळालं की ही मंडळी मी एकेक करून रंगमंचावर आणतो. घरचे उठून आत जातात. तुम्ही उठून गेलात तर मला दिसणार नाही, म्हणून तुम्हाला सांगतो.

लढाईची वर्षं होती. मी बावीस वर्षांचा, आणि चौक गावापासून तासाभराच्या पायवाटेवर, इर्शाळ डोंगराच्या पायथ्याच्या एका गावात मास्तर होतो. शाळा एका खोलीची, आणि तिच्या मागच्या पडवीला कूड घालून केलेलं माझं बिऱ्हाड. घर शेलूला. आई तिथे थोरल्या भावाकडे असायची. हनुमान जयंतीला गावात नाटक व्हायचं, त्यात राणी मी. चेहरा तुळतुळीत होता, आवाज बरा होता, आणि खोटं कशाला सांगू, मला ते फार आवडायचं.

त्या चैत्रात गावचा एक गाडीवान पनवेलहून ताप घेऊन आला. तिसऱ्या दिवशी त्याच्या कपाळावर आणि मनगटांवर फोड दिसले. गाव हलक्या आवाजात म्हणालं, बाया आल्या. देवीचा रोग म्हणायचं नाही, पाहुणी आली म्हणायचं. त्याच्या घरातली फोडणी बंद झाली, उंबऱ्याला कडुलिंबाचा डहाळा लागला, आणि दुसऱ्या दिवशी गावानं ओढ्यापलीकडच्या आमराईत एक खोप उभारून त्याला तिथे नेऊन ठेवलं. सोबत बायको गेली. तिला लहानपणीच देवी येऊन गेल्या होत्या. तोंडावर वण होते, त्यामुळे तिला भय नव्हतं. पण ती त्याला सोडून हलू शकत नव्हती. खोपीत पेज, पाणी आणि लिंबाचा पाला पोचवायचा कुणी?

मारुतीच्या देवळापुढे गाव जमलं होतं. जो तो आपल्या पायाच्या अंगठ्याकडे बघत होता. अशी शांतता मला सहन होत नाही. कुणाचा तरी प्रवेश चुकलाय असं वाटतं. मी पुढे झालो आणि डावी बाही खांद्यापर्यंत वर केली.

"मी जातो. मला लहानपणीच टोचलंय. हे बघा."

दंडावर दोन गोल, काळसर खुणा होत्या. आईनं मला कळायला लागल्यापासून सांगितलं होतं की त्या देवी काढल्याच्या खुणा. मी त्यांच्याकडे कधी संशयानं बघितलं नव्हतं. आपल्या दंडावर कोण संशय घेतो?

सोमवारपासून मी खोपीत जाऊ लागलो. भांडं दाराशी ठेवून परत फिरलो असतो तरी चाललं असतं. पण भूमिका घेतली की पूर्ण करायची अशी माझी खोड. मी आत जायचो, गाडीवानाला मानेखाली हात घालून बसता करायचो, वाटीनं पेज पाजायचो आणि वर राणीची भाषणं म्हणून दाखवायचो.

"मास्तर, हसवू नका त्याला," बायको म्हणायची. "ओठांना भेगा हायेत. हसला की रगत येतंय."

बुधवारी देवी टोचणारा आला. लोक त्याला देवीडॉक्टर म्हणत, पण तो डॉक्टर नव्हता. काटक, पन्नाशीचा, खाकी विजार, डोक्यावर उन्हाची टोपी, सायकलला ओल्या फडक्यात गुंडाळलेला डबा. पायवाटेवर सायकलच त्याच्या अंगावर बसून आलेली दिसत होती. त्यानं पाणी मागितलं, डबा सावलीत ठेवला आणि म्हणाला, "सगळ्यांना टोचायचंय."

एक म्हातारा म्हणाला, "एक देवी आमराईत बसलीय. तुमी दुसरी अंगात घालनार. दोघींचं जमलं नाय तर?"

दुसरा म्हणाला, "राब भाजायचे दिस हायेत. हात सुजला तर डहाळ्यांची कवळं कोन वाहील? तुमी?"

देवीडॉक्टर वाद घालत नसे. एकच गोष्ट तो हजार वेळा सांगून गुळगुळीत झालेल्या आवाजात सांगायचा. ज्याला आधी कधी टोचलंय, त्याचा दंड तिसऱ्या दिवशी लाल होतो, खाजतो आणि आठवडाभरात गप्प बसतो. त्याला ओळख पटलेली असते. ज्याला कधीच टोचलं नाही, त्याचा दंड तीन दिवस काही बोलत नाही. मग पुटकुळी येते, आठव्या दिवशी टपोरा फोड, अंगात ताप, काखेत गाठ. मग खपली धरते आणि पडते. पहिल्याचं काम लवकर उरकतं, दुसऱ्याचं उशिरा, पण दोघेही देवीच्या तावडीतून सुटतात.

हे ऐकलं आणि माझ्या डोक्यात दिवा लागला. हे तर दोन पात्रांचं नाटक होतं. मी शाळेतलं बाक आणून देवळापुढे मांडलं.

"गावाला डोळ्यांनी दाखवा," मी म्हटलं. "एका टोकाला टोचलेला माणूस, म्हणजे मी. दुसऱ्या टोकाला न टोचलेला. तिसऱ्या दिवशी आणि आठव्या दिवशी दोघांचे दंड बघा. पटलं तर बाकीच्यांनी यावं."

न टोचलेला म्हणून गावचा लोहार बसला. पस्तिशीचा, आईबाप लहानपणीच गेलेले, बायको नाही. "मला कोन टोचनार," तो म्हणाला. "मी न माझा भाता. सुजला हात तर डाव्यानं घन मारीन." सदरा काढून बसला तेव्हा त्याचे दोन्ही हात खांद्यापर्यंत ठिणग्यांच्या डागांनी भरलेले दिसले. त्या गर्दीत एखादी खूण शोधायची म्हणजे तांदळात खडा शोधण्यासारखं होतं.

देवीडॉक्टरनं माझ्या जुन्या खुणांवर एक नजर टाकली, मान हलवली आणि त्यांच्याखाली दोन ठिकाणी टोचलं. लोहारालाही दोन. पितळी दांड्याच्या टोकाला बारीक दातांची चकती, ती कातडीवर ठेवून फिरवायची आणि वर लसीचा थेंब पसरायचा. रडण्यासारखं त्यात काही नाही, तरी मी जरा विव्हळून दाखवलं. बायका हसल्या.

शनिवारी सकाळी पुन्हा बाक मांडलं. सगळं गाव हजर. लोहारानं सदरा काढला. त्याचा दंड लालबुंद झाला होता, आणि शुक्रवारपासून तो सांडशीच्या दांड्यानं खाजवत होता. मी बाही वर केली. माझ्या दंडावर दोन सुकलेले ओरखडे, बाकी काही नाही.

"मास्तर," मागून कुणीतरी म्हणालं, "तुमचा दंड सुटीवर गेला काय?"

"बघा," मी गावाला उद्देशून म्हणालो, "जुना खेळाडू. मला खाजसुद्धा नाही." आणि चक्क वाकून नमस्कार केला. टाळ्या मिळाल्या.

देवीडॉक्टर हसला नाही. त्यानं मला दंडाला धरून उन्हात ओढलं, वरच्या जुन्या खुणांवर अंगठा फिरवला आणि खूप वेळ बघत राहिला.

"या कुठे काढल्या?"

"शेलूला. लहानपणी."

"कुणी सांगितलं?"

"आईनं."

"खोपीत कधीपासून जाता?"

"सोमवारपासून. रोज दोनदा."

"आत जाता?"

"पेज पाजतो."

त्यानं बोटांवर दिवस मोजले. मग मला तिथेच सोडून तो लोहाराकडे वळला. "तुम्हाला लहानपणी टोचलंय."

"नाय ओ."

"तुम्ही विसरलात. दंड विसरलेला नाही. आठवा."

लोहार आठवू लागला. चार-पाच वर्षांचा असताना तो काही दिवस लोधिवलीला मामाकडे होता. तिथे रस्त्यावर एकदा एका टोपीवाल्यानं त्याला धरलं होतं. "मी त्याला चावलो व्हतो," तो म्हणाला. "कशापायी धरला ते ठाव नाय."

"याच्यापायी." देवीडॉक्टरनं ठिणग्यांच्या डागांतून एक डाग बोटानं दाखवला. खोलगट होता, आणि आत सुईनं टोचल्यासारखे बारीक ठिपके. "ही खरी खूण. मास्तरांच्या खुणा बघा. गुळगुळीत, सपाट, नुसता रंग. मी बुधवारी नीट बघितलं नाही. उन्हातून आलो होतो."

"म्हंजे तुमचंच उलटं झालं," म्हातारा समाधानानं म्हणाला.

"माझं उलटं नाही झालं. माणसं उलटी बसली होती."

मग त्यानं मला देवळाच्या मागे नेलं आणि जे सांगितलं ते सांगताना त्याचा आवाज गुळगुळीत नव्हता. देवीचा रोग अंगात शिरल्यापासून बाहेर दिसायला साधारण बारा दिवस घेतो. लस आठव्या दिवशी फोड उठवते. मला सोमवारी रोग लागला असेल, तर बुधवारची लस दोन दिवस मागून धावते आहे, पण तिची चाल जलद आहे. ती माझ्या अंगाला लागली असेल तर ती पुढे जाईल. लागली नसेल तर येत्या आठवड्यात मी आमराईत असेन.

"लागलीय का ते कधी कळेल?"

"दोन दिवसांनी. तोवर शाळा बंद. खोलीबाहेर पडायचं नाही. खोपीत लोहार जाईल. मी उद्या नेरळकडे आहे, शेलूला उतरून तुमच्या आईला विचारतो."

शाळा बंद झाली याचा आनंद मुलांनी ओढ्यापर्यंत धावत जाऊन साजरा केला. मी खोलीत घोंगडीवर बसलो. खुंटीवर राणीचं लुगडं टांगलेलं होतं. आरसा होता, तो मी उलटा करून ठेवला, मग सुलटा केला, मग पुन्हा उलटा. गाडीवानाच्या चेहऱ्यावर तेव्हा बोट ठेवायला जागा उरली नव्हती. मेलो तर मेलो असं म्हणायला जीभ वळते, पण खरं सांगायचं तर मला मरणाइतकीच त्या चेहऱ्याची भीती वाटत होती. दोन्ही वेळा पेज घेऊन लोहार यायचा. आधी खोपीत, मग माझ्या खिडकीशी.

"घ्या, जुने खेळाडू," म्हणायचा. "एक भांडं तिकडं, एक भांडं इकडं. मला काय, मला टोचलंय."

सोमवारी देवीडॉक्टर आईला घेऊनच आला. कर्जतपासून त्यांना कोळशाच्या गॅसवर चालणारी मोटार मिळाली होती. चढावर ती दोनदा थांबली म्हणे, आणि आईच्या तोंडावर कोळशाची पूड बसलेली होती. मी खिडकीच्या आत, ती अंगणात, आणि तिच्यामागे सगळं गाव. देवीडॉक्टरनं तिला वाटेत काही विचारलं नव्हतं. गावापुढे विचारायचं त्यानं ठरवलेलं असावं. त्यालाही थोडं नाटक कळत होतं.

"आई, याला लहानपणी टोचलं होतं?"

"टोचलं व्हतं की. सरकारी मानूस आल्ता."

"मग?"

आईनं पदर सारखा केला. "मग तो वळला न मी पुसून टाकलं."

"कशानं?"

"लिंबू चोळलं. वरून राख."

"आणि या खुणा?"

"आठ दिसांनी तो बघाया येनार व्हता. काय दाखवायचं? मग बिब्बा तापवला न दोन ठिकानी लावला. फोड चांगलं आलं. तो आला, बघितलं, म्हंला झ्याक उठल्यात." मग जरा मान वर करून म्हणाली, "तुमी बी फसलातच ना."

देवीडॉक्टर हो म्हणाला. तो खोटं बोलत नसे.

"का केलंस गं?" मी खिडकीतून विचारलं.

"तुझ्या आधीच्या पोरीला टोचलं, न ती पंधरा दिसांत गेली," आई म्हणाली. "कशानं गेली ते कोन सांगनार? मला टोचलेलं दिसलं, तेच डोळ्यापुढं राह्यलं. तू पोटात व्हतास तवाच मी ठरवलं व्हतं, याला हात लावू द्यायचा नाय."

तिला एक मुलगी होऊन गेली होती हे मला त्या दिवशी कळलं.

बायकांतून एक आवाज आला, "आमच्यात चिंच लावत्यात. लिंबापेक्षा चिंचेनं नीट निघतं."

"राख आधी लावायची," दुसरी म्हणाली. "मग लिंबू."

"न बिब्बा जास्ती तापवायचा नाय. माझ्या पोराचा हात महिनाभर वाहत व्हता."

देवीडॉक्टर पडवीच्या पायरीवर बसला. आपण आठव्या दिवशी ज्या दंडांकडे बघून शाबासकी देऊन गेलो, त्यांतले निम्मे बिब्ब्याचे होते, हे त्याला एका पाककृतीच्या चर्चेतून कळत होतं. वीस वर्षांची नोकरी त्याच्या चेहऱ्यावरून खाली उतरताना मी खिडकीतून बघितली. पण तो माणूस लवकर उठला. मला म्हणाला, "दंड."

ओरखड्यांच्या जागी मसुराएवढ्या दोन पुटकुळ्या दिसत होत्या. मी त्या सकाळपासून शंभर वेळा बघितल्या होत्या, पण त्यांचा अर्थ लावायचं धाडस झालं नव्हतं.

"उठतंय," तो म्हणाला. "पण आता मी खुणांवर विश्वास ठेवायचं सोडलंय. उजवा पुढे करा."

त्यानं उजव्या दंडावर एकदा टोचलं आणि टोचता टोचता समजावलं. डाव्यावरची लस खरंच लागली असेल, तर अंगाला तिची बातमी पोचलेली असणार. मग उजव्यावरचा फोड सावकाश वाढणार नाही. तो घाई करील, लहानच राहील आणि डाव्याच्या बरोबरीनं पिकेल. बातमी पोचली नसेल, तर उजवा आपल्या चालीनं आठ दिवस घेईल.

"आणि तसं झालं तर?"

त्यानं डबा बंद केला. "तसं झालं तर मी इथेच राहीन," तो म्हणाला.

मग तो आईकडे वळला. "आई, तुम्हीही टोचून घ्या."

"आधी त्याचं उठू दे," आई म्हणाली. "मग माझं बघू." आणि माझ्या खिडकीखाली अंगणात चूल मांडून बसली.

गुरुवारी मला ताप भरला.

बुधवारपासून मोजलं तर आठवा दिवस, म्हणजे हा ताप लसीचा. सोमवारपासून मोजलं तर दहावा दिवस. गाडीवानाचा रोगही असाच तापानं सुरू झाला होता. एकच ताप, आणि दोन मालक. त्याच्या अंगावर नाव लिहिलेलं नसतं. डावा दंड तर टम्म फुगला होता, दोन्ही फोड मोत्यासारखे, मध्ये खळगा, काखेत गाठ. देवीडॉक्टर दुपारी आला. त्यानं कपाळाला हात लावला आणि विचारलं, "पाठ दुखते?"

गाडीवान पहिल्या दिवशी पाठच धरून बसला होता हे मला ठाऊक होतं. मी म्हणालो, "नाही." देवीडॉक्टर वाट बघत राहिला. मी म्हणालो, "दुखते."

"पाच दिवस जमिनीवर पडलात. दुखणारच." पण हे त्यानं मला सांगितलं की स्वतःला, ते कळलं नाही. तो म्हणाला, "उजवा."

मी सदऱ्यातून उजवा हात काढला. तीन दिवसांपूर्वीच टोचलेलं. तिथे हरभऱ्याच्या डाळीएवढा एक फोड होता. लहान, पण पूर्ण. टोकाला पांढुरका, भोवती लाल कडं, जणू मोठ्या भावंडांचे कपडे घालून घाईघाईनं वरातीत शिरलेला. देवीडॉक्टरनं डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, पुन्हा डावीकडे. त्याला हसताना मी पहिल्यांदा बघितलं. दात फार खराब होते.

"पोचली," तो म्हणाला.

खिडकीतून आईनं विचारलं, "काय पोचली?"

"बातमी."

तरीही तो रविवारपर्यंत गावात राहिला. शुक्रवारी ताप तसाच होता. त्या दिवशी मी लोहाराला खिडकीशी बोलावून माझा चेहरा नीट तपासायला लावला.

"कपाळावर काही आहे का?"

"हाय की."

"काय?"

"आठ्या."

शनिवारी पहाटे घाम फुटला आणि ताप उतरला. रविवारी दुपारपर्यंत चेहरा कोरा होता. देवीडॉक्टर म्हणाला, "आणखी आठवडाभर शाळा नको, पण आता माझी झोप उडवू नका." मग त्यानं देवळापुढे, माझ्या खिडकीतून दिसेल असं, बाक मांडायला सांगितलं. गाव रांगेत आलं. राब भाजायचे राहिले होते, पण कुणी ते बोललं नाही. ज्यांचे दंड खरे होते तेही आले, ज्यांचे बिब्ब्याचे होते तेही आले, आणि प्रत्येकाला तो एकच सांगायचा: "सुकेपर्यंत पुसायचं नाही. कशानंही नाही." बायका माना खाली घालून हसायच्या.

गाडीवान पुढच्या पंधरवड्यात काठी धरून घरी आला. तोंडभर वण. बायको म्हणाली, "आता जोडा जमला." हनुमान जयंती तोवर होऊन गेली होती. राणीचं लुगडं मी परत केलं.

पण त्या रविवारी रांगेत शेवटची आई होती. "त्याचं उठलं," ती म्हणाली, "आता बोललेय तर टोचा." तिनं तोंड भिंतीकडे फिरवलं. टोचून झालं, देवीडॉक्टरनं डबा फडक्यात गुंडाळला, सायकल हातात घेतली आणि ओढ्याच्या उतारावर दिसेनासा झाला. आई माझ्या खिडकीखालच्या चुलीशी येऊन बसली. मी आतून बघत होतो. तिचा मोकळा हात सावकाश कमरेकडे गेला. पदराच्या गाठीत अर्धं लिंबू होतं.

मी खिडकीतून डावा हात बाहेर काढला, सुजलेला, ठणकणारा, आणि तिचं मनगट धरलं.

"सोड," ती म्हणाली. "पेज उतू जाईल."

"जाऊ दे."

"तुला दुखंल तो हात."

"दुखू दे."

थोडा वेळ तिनं ओढून बघितलं. मग ओढायचं सोडलं. पेज उतू गेली, विस्तव फुसफुसला, तरी मी तिचा दंड सुकेपर्यंत मनगट सोडलं नाही.